न येणारा प्रश्न

आपल्या विद्यापीठांतील पदव्युत्तर शिक्षणाचा दर्जा खालावला आहे, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. विद्यार्थी पूर्वीसारखे राहिले नाहीत, असे म्हटले की विषय संपतो. प्रस्तुत लेखकाचा या निदानावर विश्वास नाही. आणि तो का नाही, हे सांगण्यासाठी एका लहानशा प्रसंगाचा आधार घ्यावा लागत आहे.

काही वर्षांपूर्वी मराठी विषयाच्या एका पदव्युत्तर वर्गाची मौखिक चाचणी घेण्याचा योग आला. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी अभ्यासास नेमलेली होती. कामोठ्याचाच राहणारा एक विद्यार्थी समोर बसला होता. कादंबरीतील स्त्रीजीवनाचे चित्रण, तत्कालीन समाजसुधारणेचे प्रतिबिंब, भाषाशैलीचे विशेष हे सारे त्याने न अडखळता सांगितले. मग सहज विचारले, की ही कथा सांगते कोण? तो गप्प राहिला. थोड्या वेळाने अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, तो प्रश्न येत नाही.”

यमू स्वतःच आपली कहाणी सांगते, हे ज्यास ठाऊक नाही त्याने ती कादंबरी उघडलेली नाही, हे उघड आहे. परंतु त्याचे उत्तर चुकीचे होते काय? तो प्रश्न खरोखरच येत नाही. गेल्या अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळल्या तर तेच चार-पाच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा भेटतात, आणि त्यांची उत्तरे बाजारातील मार्गदर्शिकेत क्रमवार छापलेली असतात. मूळ ग्रंथ न वाचता साठ गुण मिळतात, हा शोध विद्यार्थ्याने लावलेला नाही. तो आम्ही प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी त्याच्या हाती दिला.

या व्यंगाचे मूळ बरेच जुने आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे केवळ परीक्षा घेणारी व पदवी देणारी संस्था म्हणून. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम, विद्यापीठाचे नव्हे. विद्यापीठाने स्वतः अध्यापनाचे विभाग उभारण्यास विसाव्या शतकाची दोन दशके जावी लागली; पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग आला तो १९१९ साली. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रानडे व भांडारकर होते याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या काळास सुवर्णयुग म्हणणे मात्र योग्य नव्हे. परीक्षांच्या ओझ्याने पदवीधर खचतात, ही चिंता खुद्द न्यायमूर्ती रानडे यांनीच पुढे बोलून दाखविली होती.

रानड्यांचे येथे दुसऱ्याही कारणाने स्मरण होते. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून हद्दपार झालेल्या मराठीस पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रयत्न केला. मराठीत वाचण्याजोगे काय आहे, या आक्षेपास उत्तर म्हणून त्यांनी मराठी ग्रंथसंपदेच्या वाढीचा साधार आढावा सिद्ध केला. ग्रंथ आहेत, म्हणून विषय असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज विषय आहे, विभाग आहेत, परीक्षा आहेत. ग्रंथ तेवढा त्यातून वगळला गेला आहे.

विद्यार्थ्याचे गुण मोजण्याची ही रीत पुढे अध्यापकालाही लागू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकाच्या बढतीसाठी लेख, चर्चासत्रे, पुस्तके यांना आकडे नेमून दिले. त्यानंतर शुल्क घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे जे पीक आले, त्याची आठवण वाचकांस करून देण्याची आवश्यकता नसावी. आयोगाने स्वतःच मान्य केलेल्या यादीतून २०१८ साली ४,३०५ नियतकालिके एकदम वगळली. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही २०२२ मध्ये मागे घेण्यात आली. मग मार्गदर्शिका वाचणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा? त्याच्या गुणांना साठ म्हणतात, आमच्या गुणांना संशोधन म्हणतात.

हे दुखणे केवळ आपले नाही. अमेरिकेत रिचर्ड अरम व जोसिपा रोक्सा यांनी २४ संस्थांतील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या विचारक्षमतेत पहिल्या दोन वर्षांत लक्षणीय वाढ आढळली नाही. (विचारक्षमता एका चाचणीने मोजता येते काय, हा आक्षेप त्या ग्रंथावर घेतला गेला, आणि तो वाजवी आहे.) हार्वर्डमध्ये सर्वाधिक दिली जाणारी श्रेणी सर्वोच्चच असल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. तेथे श्रेणी उदार झाली, आपल्याकडे प्रश्न ठरीव झाला. वाचनाची गरज दोन्हीकडे संपली.

परीक्षा हेच ज्याचे मूळ कार्य, त्या विद्यापीठाची परीक्षाही २०१७ मध्ये कोलमडली. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याच्या घाईत उन्हाळी परीक्षांचे निकाल महिनोन्महिने रखडले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंस पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात चर्चा झाली ती यंत्रणेची व मुदतीची. तपासल्या जाणाऱ्या उत्तरांत काय होते, याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

याची झळ कोणास लागते? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, इंग्रजी आहे, ओळखी आहेत, त्यास पदवी पोकळ असली तरी चालते. तो विद्यार्थी तसा नव्हता. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबईसाठी ज्या गावांची शेते घेतली त्यांत कामोठे होते. त्याच्या आजोबांची भातशेती त्यात गेली. घरात पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचलेला तो पहिलाच. जमिनीच्या बदल्यात पुढच्या पिढीच्या हाती जे काही यावयाचे, ते या पदवीच्या रूपाने. तीवर विद्यापीठाची मुद्रा आहे, आणि आम्ही सह्या करणाऱ्यांस आत काय आहे ते ठाऊक आहे.

प्रश्न बदलले तर वाचन बदलेल काय? पूर्णतः नाही, शिकवणीचे वर्ग नव्या प्रश्नांचीही तयार उत्तरे देतील. तथापि ग्रंथ हाती ठेवून उत्तर लिहावयास सांगावे, दोन उतारे देऊन त्यांतील निवेदनाचा भेद विचारावा, प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत मूळ साधनांविषयीच प्रश्न असावेत, एवढे तर अभ्यासमंडळांच्या कक्षेत आजही आहे. त्यासाठी कोणत्याही नियमावलीची वाट पाहावी लागत नाही. अडचण एवढीच, की असा प्रश्न काढणाऱ्यास स्वतः तो ग्रंथ पुन्हा वाचावा लागतो.

त्या विद्यार्थ्यास कादंबरीची प्रत दिली होती. तीन आठवड्यांनी तो ती परत करावयास आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “सर, यमू एवढं सगळं स्वतः सांगते, मग हरिभाऊ कुठं असतात?” प्रश्न लेखी परीक्षेस घालण्याजोगा होता. त्या सत्राची प्रश्नपत्रिका मात्र आठवड्यापूर्वीच मोहोरबंद होऊन गेली होती.