बाहुलीची मालकीण

मराठी स्मरणरंजनात बाहुली नेहमी हरवलेली असते. ती जुन्या ट्रंकेत सापडते, नाहीतर भाचीला देऊन टाकल्याची रुखरुख लावते. तिचा चेहरा, तिची साडी, तिचे मिटणारे डोळे यांची वर्णने दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या अंकात येतात. तिच्याशी खेळणारी मुलगी मात्र त्यांत क्वचितच दिसते.

या लेखनाचा पूर्वज शोधायचा तर कवी दत्तांपाशी थांबावे लागते. दत्तात्रय कोंडो घाटे १८९९मध्ये, पंचविशीही न गाठता गेले. पण त्यांची बाहुलीची कविता पिढ्यानुपिढ्या लहानग्यांच्या तोंडी राहिली. तीत मुलगी बायकांना बोलावून आपली बाहुली दाखवते. कौतुक कशाचे? ती हट्ट धरत नाही, शहाण्यासारखी वागते, याचे. घरात स्वतःला रोज ऐकावा लागणारा उपदेशच ही मुलगी बाहुलीला प्रशस्तिपत्र म्हणून देते आहे. कवीला हे अभिप्रेत होते असे मी म्हणणार नाही. पण मुलीचा आवाज त्यांनी इतका नेमका पकडला, की उपदेश त्यात आपोआप आला.

लाकडी ठकीची गोष्ट याहून बोलकी. एकाच लाकडात कोरलेली, हात अंगालगत चिकटलेली ही बाहुली. तिचे नाव पुढे भोळ्याभाबड्या पोरीला चिकटले. गडकऱ्यांच्या ‘संपूर्ण बाळकराम’मध्ये जिच्या लग्नासाठी मोठी मोहीम निघते, ती मुलगीही ठकीच. तिला काय हवे, हे कोणी विचारत नाही आणि विनोदाची सारी मदार त्यावरच आहे.

साहजिकच आपल्या समीक्षेत बाहुली म्हणजे परतंत्र स्त्री, हे समीकरण पक्के झाले. इब्सेनच्या १८७९च्या नाटकाने त्याला बळ दिले. (अनंत काणेकरांनी ते नाटक मराठीत आणताना नाव ‘घरकुल’ ठेवले, बाहुली शीर्षकातून गेली, घर तेवढे राहिले.) पण नोरा शेवटी हेही सांगते की, तिची मुले तिच्या बाहुल्या होती. ही बाजू आपण फारशी लक्षात घेतली नाही. बाहुली आज्ञाधारक असते, कारण आज्ञा करणारी कोणीतरी असते. घरात जिचे कोणी ऐकत नाही, तिचे ऐकणारी तेवढी एकच.

वसईत पापडीच्या आसपास साठी-सत्तरीच्या बायकांशी या विषयावर बोलले, तेव्हा एक गोष्ट जाणवली. आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली करून दिलेली असे. ती दिसायला कशी होती, हे बहुतेकींना आठवत नाही. डोळे काजळाचे असत, एवढेच. पण तिला ताप आणला, विहिरीवर नेले, मार दिला, मग समजूत काढली, हे सगळे आठवते. उसवली की दुसरी होई. हरवल्याचे दुःख कोणी सांगितले नाही. उलट काहींच्या घरी मुंबईहून आणलेली प्लॅस्टिकची बाहुली काचेच्या कपाटात, खोक्यासकट उभी असे. हात लावायची परवानगी नव्हती. तिचे सोनेरी केस, निळे डोळे, झालरीचा झगा आजही जसेच्या तसे सांगता येतात. चिंध्यांची बाहुली क्रियापदांत आठवते आणि कपाटातली विशेषणांत.

आपल्या दिवाळी अंकांतले बाहुलीचे लेख मला या दुसऱ्या जातीचे वाटतात. ज्या बाहुलीशी खेळायलाच मिळाले नाही, तिची हुरहूर ते लिहितात आणि तिला बालपण म्हणतात. खेळून खेळून फाटलेलीवर कोणी लिहीत नाही. लिहायला तिचे रूप उरलेलेच नसते.

बाहुला-बाहुलीच्या लग्नाकडेही असेच पाहायला हवे. बालविवाहाची रंगीत तालीम म्हणून त्यावर टीका झाली, आणि ती रास्त आहे. मात्र या बायकांनी सांगितलेल्या लग्नांचा शेवट थोडा वेगळा आहे. अक्षता पडत, चुरमुऱ्यांची पंगत उठे आणि पाठवणीच्या वेळी हमखास भांडण होई. नवरीची मालकीण तिला सासरी धाडायला तयार नसे. संध्याकाळी नवरदेव आपल्या घरी एकटाच जाई आणि नवरी मालकिणीच्या उशाशी झोपे.