'किम' : कादंबरी आणि चित्रपट

एखाद्या लोकप्रिय कादंबरीवरून चित्रपट निघाला, की दोहोंची तुलना बहुधा काय गाळले आणि काय नव्याने घातले ह्या हिशेबात संपते. हा हिशेब अगदीच निरर्थक नसतो; परंतु कलाकृतीचे मर्म त्याने हाती लागत नाही. मूळ कृती कोणत्या द्रव्यातून घडली आहे आणि ते द्रव्य दुसऱ्या माध्यमात टिकते की नाही, हा खरा प्रश्न असतो. रड्यार्ड किपलिंगची 'किम' (१९०१) आज पुन्हा वाचताना आणि तिच्यावरून निघालेला १९५० सालचा चित्रपट तिच्याशेजारी ठेवून पाहताना हाच प्रश्न वाचकापुढे उभा राहतो.

व्हिक्टर सॅव्हिल ह्याने मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या संस्थेसाठी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटाच्या चित्रीकरणाचा काही भाग जयपुरास झाला. ही निवड सहज समजण्यासारखी आहे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेले, सरळ रुंद रस्त्यांचे आणि गुलाबी भिंतींचे हे नगर रंगीत चित्रपटाला जणू आयतेच रंगवून ठेवलेले होते. किपलिंगनेही ते पाहिले होते. १८८७ साली अलाहाबादच्या 'पायोनियर' पत्रासाठी तो राजपुतान्यात हिंडला आणि जयपूर, अंबर, उदेपूर, चितोड ह्या स्थळांवर त्याने प्रवासलेख लिहिले. आश्चर्य असे, की ह्या साऱ्या दृश्यवैभवाचा 'किम'मध्ये जवळजवळ मागमूस नाही. कथानक जयपुरात घडत नाही. बिकानेर ओझरते येऊन जाते. चितोडचा उल्लेख येतो, तो आगगाडीत भेटलेल्या एका फरारी हेराच्या तोंडी. त्याने तेथे एका दगडाखाली पत्र लपविलेले असते, एवढ्यापुरताच. जे लेखकाने डोळे भरून पाहिले होते, ते त्याने दाखविले नाही. पात्रांच्या बोलण्यात विरघळवून टाकले. चित्रपटाने नेमके उलट केले. बोलणे विरघळवून टाकले आणि दृश्य तेवढे ठेवले.

'किम' ही कानाची कादंबरी आहे, असे म्हणावयास हरकत नाही. लाहोरच्या अजायबघरासमोर झमझमा तोफेवर ठाण मांडून बसलेला हा आयरिश सैनिकाचा पोरका मुलगा वाचकाला प्रथम ओळखू येतो, तो त्याच्या जिभेवरून. बाजारातील शिव्या, फकिरांची आर्जवे, गाडीवानांच्या म्हणी ह्या सर्वांचा तो धनी असतो. इंग्रजी मात्र त्याला अडखळत येते. पात्रे देशी भाषेत बोलतात तेव्हा किपलिंग आपल्या इंग्रजीला जुने, हिंदुस्थानी वळणाचे रूप देतो. ती इंग्रजीत बोलू लागली, की भाषेचा पोतच पालटतो. त्यामुळे मुलगा कोणत्या क्षणी कोणत्या भाषेत विचार करीत आहे, हे वाचकाला ऐकू येते. सिमल्यास लर्गनसाहेबाच्या घरी फुटलेले मडके पुन्हा सांधले जात आहे असा भास किमवर लादला जातो. तोवर हिंदीत चाललेले त्याचे मन ह्या मोहिनीतून सुटण्यासाठी शाळेत शिकलेल्या इंग्रजी पाढ्यांचा आश्रय घेते. एका मुलाच्या घडणीचा एवढा सूक्ष्म आलेख क्वचितच आढळतो. लखनौच्या साहेबी शाळेने त्याला संरक्षण दिले आणि त्याच क्षणी त्याच्या बालपणीच्या भाषेपासून त्याला किंचित दूरही नेले. चित्रपटात सर्वच पात्रे एकाच सरधोपट इंग्रजीत बोलतात. तेथे मडके फुटलेले दाखविता येईल, पण किमने कोणत्या भाषेचे दार लोटून आपली सुटका करून घेतली, हे कळणार कसे?

मराठी वाचकाने आगगाडीतील प्रसंगापाशी विशेष थांबावे. डब्यात शिरलेला, जखमी आणि भेदरलेला हेर मराठा आहे, हे किम त्याच्या पागोट्याच्या ठेवणीवरून ताडतो. शत्रू त्याच्या मागावर आहेत. राख, हळद आणि रंगाची पेटी एवढ्या सामग्रीवर किम त्याचा साधू करून टाकतो. आजारी मुलाला घेऊन निघालेला एक भोळा शेतकरी हे सारे भयचकित होऊन पाहत असतो. साहसकथेच्या दृष्टीने हा विजयाचा क्षण होय; किमने 'मोठ्या खेळा'त प्रथमच स्वतःच्या हिमतीवर डाव जिंकला आहे. परंतु किपलिंग येथे थांबत नाही. गाडीतून उतरल्यावर वृद्ध लामा शिष्याला हलकेच बजावतो, की तू अभिमानापोटी एक कर्म जगात सोडून दिले आहेस आणि त्याचे फळ कोठवर जाईल हे तुला ठाऊक नाही. एकाच कृतीचा एका गुरूने गौरव करावा व दुसऱ्याने तिचा दोष दाखवावा, आणि दोन्ही गुरूंवर मुलाचे सारखेच प्रेम असावे, हा ह्या कादंबरीचा गाभा आहे. किमचे प्रौढ होणे म्हणजे कसब वाढणे नव्हे. आपल्या कसबाची किंमत कोणी तरी मोजत असते, ह्याची जाणीव होणे.

ह्या दुहेरी मापाचा विसर पडल्यामुळेच चित्रपटाचा शेवट फसला आहे. कादंबरीत पहाडातील झटापटीनंतर शत्रूचा एकही हेर मरत नाही. हरीचंद्र मुखर्जी हा बाबू वेष पालटून त्यांचा वाटाड्या होतो आणि त्यांना फजीत करून सिमल्यास पोहोचवितो. रशियनाने भवचक्राचे चित्र फाडले, लामाच्या तोंडावर प्रहार केला; पण लामाला खरी इजा होते ती स्वतःच्या क्रोधाची. क्षणभर आपल्याही मनात हत्येची इच्छा डोकावली, ह्याचे त्याला दुःख होते. पुढील प्रकरणे थकव्याची, आजाराची आणि सेवेची आहेत. शत्रूच्या कागदपत्रांचे ओझे किमला नकोसे होते. कुलूची साहिबा त्याची शुश्रूषा करते, तो दीर्घ निद्रेतून जागा होतो आणि 'मी कोण' हा त्याचा जुना प्रश्न उत्तरावाचूनच शांत होतो. लामाला मुक्ती गवसते, पण शिष्यासाठी तो तिच्या उंबरठ्यावरून परत फिरतो. चित्रपटात ह्या सर्वांच्या जागी दरड कोसळते. शत्रू तिच्याखाली चिरडले जातात, बाबूचा आधीच बळी गेलेला असतो आणि लामा नदीचे दर्शन घेऊन प्राण सोडतो. लामा मेला म्हणजे किमपुढील पेचच संपला. कादंबरीत मात्र गुरू जिवंत आहे, हसतमुख आहे आणि मुलाने कोणती वाट धरली हे लेखक सांगत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ज्या लोकांना किम आपले मानतो, त्यांनाच तो परकीय सत्तेच्या हाती देत आहे, ह्याची टोचणी त्याला का लागत नाही, असा प्रश्न एडमंड विल्सन ह्याने उपस्थित केला. किपलिंगच्या दृष्टीने असा संघर्ष अस्तित्वातच नव्हता, असे त्यावर एडवर्ड सैद ह्याचे म्हणणे. सैदचे निदान टाळता येत नाही. १८५७ चा उठाव म्हणजे निव्वळ वेडाचा झटका होता असे सांगणारा कादंबरीतील वृद्ध रिसालदार वाचताना भारतीय वाचकाचे मन आजही आक्रसते आणि ते आक्रसावे हेच योग्य. तरीही एक गोष्ट उरते. साम्राज्याचा कट्टर कैवारी असलेल्या लेखकाने साम्राज्याच्या सेवेचे माप एका तिबेटी भिक्षूच्या हाती दिले. साहेब घडविणाऱ्या शाळेची फी तोच भिक्षू भरतो, ह्यातील उपरोध लेखकाने हेतूपूर्वक योजला असो वा नसो, तो कृतीत आहे. कलावंताची सहानुभूती त्याच्या मतांच्या पलीकडे गेली, असे येथे म्हणता येते. ती अखेरपर्यंत गेली नाही, हेही तितकेच खरे.

चित्रपटाजवळ ही सबब नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ह्या कथेवर चित्रपट काढण्याचा बेत अमेरिकन सरकारच्या माहिती-कचेरीच्या हरकतीमुळे बाजूस पडला होता. साम्राज्याचे असे उदात्तीकरण तेव्हा सोयीचे नव्हते. १९५० साली भारत प्रजासत्ताक झाला होता आणि रशियन खलनायक नव्याने सोयीचे झाले होते. चित्रपटकर्ते ह्या देशात आले, जयपुरात त्यांनी कॅमेरे लावले. पण महबूब अली झाला एरल फ्लिन, लामा झाला पॉल लुकास आणि बंगाली बाबू झाला सेसिल केलवे. खरा देश पार्श्वभूमीला गेला आणि त्यातील माणसे उसनी आली. साम्राज्य सरल्यानंतर निघालेल्या चित्रपटात साम्राज्याच्या ऐन भरात लिहिलेल्या पुस्तकाहून भारत कमी आहे, ही केवळ माध्यमाची मर्यादा नव्हे.

'किम'ची पहिली चित्रे किपलिंगच्या वडिलांनी केली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकविणारे आणि पुढे लाहोरच्या संग्रहालयाची धुरा वाहणारे लॉकवुड किपलिंग ह्यांनी पात्रांची उठावचित्रे मातीत घडविली आणि त्यांची छायाचित्रे पुस्तकात घातली. ती चित्रे स्थिर आहेत, मुकी आहेत. पण त्यांतील माणसे ह्याच मातीतली वाटतात. चित्रपटाला गती होती, वाणी होती, रंग होते, आणि जयपूरसारखे नगरही होते. कथेतील माणसे काय बोलतात इकडे मात्र त्याने कान दिला नाही. कादंबरी पुन्हा उघडणाऱ्या वाचकाला तेच बोलणे आजही ऐकू येते, आणि आपल्याला न आवडणाऱ्या सत्तेच्या चाकरीत असलेल्या एका मुलाविषयी त्याला आजही काळजी वाटते.