‘कृष्णाकाठ’मधील जिल्हा काँग्रेस

पुढाऱ्याचे आत्मचरित्र हाती आले की आपण त्यात पुढारी शोधू लागतो. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून त्याचे वाचन बहुधा असेच होत आले आहे. देवराष्ट्र्याचे पोरके मूल. निरक्षर पण मानी आई. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात २६ जानेवारी १९३२ रोजी लावलेला झेंडा आणि त्यापायी झालेली अठरा महिन्यांची शिक्षा. माफी मागून सुटण्याची गोष्ट काढणाऱ्या मास्तरांना विठाईंनी दिलेले बाणेदार उत्तर. हे प्रसंग वक्तृत्वस्पर्धांच्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा सांगितले गेले आहेत, की पुस्तक न वाचताही ते वाचल्यासारखे वाटावे. मला मात्र हे पुस्तक दुसऱ्याच एका कारणासाठी मोलाचे वाटते. त्यात एका माणसाच्या चरित्राआड एका संस्थेचे चरित्र दडलेले आहे आणि ती संस्था म्हणजे सातारा जिल्हा काँग्रेस.

आजच्या वाचकाला ‘जिल्हा काँग्रेस’ म्हटले की एखाद्या जुन्या इमारतीवरची पाटी, आत हार घातलेल्या तसबिरी आणि निवडणुकीपुरती होणारी गर्दी एवढेच डोळ्यांपुढे येईल. तिची मूळ घडण काय होती, हे ध्यानात घेतल्यावाचून ‘कृष्णाकाठ’ची मधली शंभर-दीडशे पाने रुक्ष वाटण्याचा संभव आहे. १९२० सालच्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपली घटना बदलली आणि सरकारी प्रांतांच्या सीमा बाजूला ठेवून भाषावार प्रांतिक कमिट्या केल्या. मराठी मुलुखाच्या वाट्याला एकदम चार कमिट्या आल्या : पुणे केंद्र असलेली महाराष्ट्राची, मुंबई शहराची, नागपूरची आणि वऱ्हाडची. (भाषावार प्रांताचे तत्त्व स्वतःच्या घरात मानणाऱ्या पक्षाच्या राज्यात मराठी माणसाला आपल्या राज्यासाठी १९६० उजाडावे लागले, ही मौज निराळी.) प्रांतिकच्या खाली जिल्हा, जिल्ह्याखाली तालुका, आणि सगळ्याच्या तळाशी वर्षाला चार आणे भरणारा सभासद. चार आणे म्हणजे एक पावली. १९३४ साली गांधीजी काँग्रेसमधून बाहेर पडले ते या चार आण्यांच्या सभासदत्वाचाही त्याग करून. परंतु खेड्यातल्या माणसाला त्याच पावलीने, कागदावर का होईना, थेट राष्ट्रीय सभेच्या उतरंडीत जागा दिली होती.

कागदावरची जागा आणि बैठकीतली जागा यांत अंतर असते. ‘कृष्णाकाठ’चा खरा विषय हे अंतर आहे, असे मी म्हणेन. सातारा जिल्हा हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला. यशवंतरावांचे थोरले बंधू गणपतराव त्या विचाराचे. म्हणजे घरात एक वारा आणि बाहेर काँग्रेसचा दुसरा. काँग्रेस ही शहरातल्या वकील-डॉक्टरांची, ब्राह्मणांची, असा खेड्यापाड्यांत समज होता, आणि तो सर्वस्वी खोटा होता असे कोण म्हणेल? केशवराव जेधे यांच्यासारखा ब्राह्मणेतर चळवळीचा बिनीचा पुढारी काँग्रेसमध्ये आला आणि काकासाहेब गाडगिळांच्या खांद्याला खांदा लावून काम करू लागला, तेव्हा पुण्यात जे घडले त्याचीच जिल्ह्यातली आवृत्ती यशवंतराव आपल्याला दाखवितात. पुण्याची हकीकत य. दि. फडक्यांसारख्या इतिहासकाराने साक्षेपाने लिहिली आहे. जिल्ह्याची हकीकत आतून सांगणारे पुस्तक माझ्या दृष्टीने हे एकच.

१९३७ च्या निवडणुकीचे प्रकरण पाहा. १९३५ च्या कायद्याने मताधिकार वाढला होता, तरी तो सरसकट नव्हता. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्याच. तरीही खेड्यातला बराच शेतकरी प्रथमच मतदार झाला होता. अशा वेळी आत्माराम बापू पाटील या ग्रामीण कार्यकर्त्याला काँग्रेसची उमेदवारी मिळावी, म्हणून जिल्ह्यातल्या तरुणांनी हट्ट धरला. हट्ट धरणाऱ्यांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकणारा तेवीस वर्षांचा यशवंतराव पुढे होता. उमेदवारी मिळाली, पाटील निवडूनही आले. मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा मिळवून काँग्रेस सत्तेवर आली, या मोठ्या बातमीत ही गोष्ट कोठल्या कोठे विरून जाते. पण पक्ष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अशाच लहान हट्टांतून बदलत असते. वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा आणि त्यांचे ऐकायचे मात्र नाही, ही मराठी घरातली जुनी कसरत यशवंतरावांनी राजकारणात किती लवकर आत्मसात केली होती, हे या पानांत दिसते.

याच काळात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले आणि महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून दूरही झाले. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांपाशी बसून केलेले वाचन, मार्क्स, गांधी, रॉय यांची मनात चाललेली ओढाताण हा भाग काही वाचकांना जड वाटतो. मला तो पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग वाटतो. तालुक्याच्या गावातला कार्यकर्ता महायुद्धाविषयी आपले मत काय असावे, म्हणून रात्र रात्र जागतो आहे! असा कार्यकर्ता ज्या कमिटीत बसत होता, ती कमिटी नुसती वरून आलेले आदेश खाली पोहोचविणारी टपालकचेरी असणे शक्य नव्हते. १९४० साली तो त्याच जिल्हा काँग्रेसचा अध्यक्ष झाला.

आता तक्रारीचे बोलतो. यशवंतरावांची लेखणी फार सभ्य आहे. कोणाला दुखवायचे नाही, हा त्यांचा स्वभाव. राजकारणात तो उपयोगी पडला, आत्मचरित्रात तो आडवा येतो. भांडण झाले एवढे ते सांगतात, भांडणातला कडवटपणा मात्र बाहेर ठेवतात. जातीचा प्रश्न येतो आणि समंजस वाक्याचा हात धरून निघून जातो. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कऱ्हाड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूजला गोळीबारात माणसे पडली. हे मोर्चे कोणा एका पुढाऱ्याच्या शब्दावर उठले नव्हते. दहा-बारा वर्षे पावली-पावलीने बांधलेली संघटना त्यांच्या पाठीशी होती. त्यानंतर नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. यशवंतरावांना मे १९४३ मध्ये फलटणला अटक झाली. आजारी वेणूताईंना भेटायला ते तेथे गेले होते. त्यामुळे प्रतिसरकारच्या भराच्या काळाचे आतले चित्र त्यांच्याकडून मिळत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण जिल्हा काँग्रेसच्या कुशीतून निघालेली ही माणसे तिच्या शिस्तीबाहेर का गेली, याचा जाब स्वतःला विचारण्याची जागा होती, ती त्यांनी हलक्या पावलांनी ओलांडली आहे.

या मौनाची किंमत पुढे कळते. १९४६ साली यशवंतराव दक्षिण साताऱ्यातून निवडून आले, मुंबई सरकारात पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले, आणि पुस्तक तेथे थांबते. दोन वर्षांच्या आत जेधे आणि शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामकरी पक्ष काढून काँग्रेस सोडली. १९३७ साली एका उमेदवारीपुरता विचारलेला प्रश्न आता संपूर्ण पक्षाला विचारला गेला होता. यशवंतराव गेले नाहीत. का गेले नाहीत? जेधे १९५४ साली परतले. नाना पाटील परतले नाहीत. १९५७ साली साताऱ्याने त्यांना कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून लोकसभेवर पाठविले, आणि त्याच निवडणुकीत कऱ्हाडला यशवंतराव निसटत्या मतांनी वाचले. एका तालमीत तयार झालेले पैलवान असे समोरासमोर उभे ठाकले, याहून नाट्यपूर्ण काय असणार? ते सगळे पुढच्या भागात यायचे होते. मुंबईचा आणि दिल्लीचा असे आणखी दोन भाग लिहिण्याचे यशवंतरावांच्या मनात होते. पण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले.

ही पोकळी कादंबरीने भरून काढावी, अशी अपेक्षा चूक नव्हे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या मी आवडीने वाचतो. जब्बार पटेलांनी १९७९ साली त्यांवरून काढलेला चित्रपटही घरोघरी ठाऊक आहे. पण त्यांतला पक्ष हा मंत्रालयाच्या जिन्यावर भेटतो. जिल्हा तेथे आमदारांच्या संख्येच्या रूपाने येतो : अमक्याकडे इतके, तमक्याकडे तितके. साधूंचा हा दोष नव्हे. त्यांनी सत्तरीतले जे पाहिले ते लिहिले, आणि तोवर पाहण्यासारखे खाली फारसे उरले नव्हते. १९७२ नंतर काँग्रेसच्या अंतर्गत निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ साली. वीस वर्षे जेथे अध्यक्ष वरून नेमला गेला, तेथे एखाद्या कॉलेजातल्या पोराने कोणासाठी आणि कोणापाशी हट्ट धरावयाचा?

दिवाळीच्या सुटीत ज्यांना हे पुस्तक पुन्हा हाती घ्यावयाचे असेल, त्यांना माझी एक सूचना आहे. ‘जडणघडण’ हा पहिला भाग तूर्त बाजूला ठेवा. तो तुम्हाला पाठ आहे. ‘वैचारिक आंदोलन’पासून आरंभ करा आणि नावे भराभर न ओलांडता वाचा. कोण कोणत्या गावचा, कोणाच्या घरी बैठक झाली, कोण रुसला, कोणाला मनवावयास कोण गेले, हे एका कागदावर टिपत गेलात तर उत्तम. घरात साताऱ्याकडचे कोणी वडीलधारे असेल, तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवा. यशवंतरावांनी सभ्यपणे गाळलेले बरेचसे त्यांच्याकडून ऐकावयास मिळेल.