टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे, २०२० : पक्षाघाताच्या उपचारातील जबाबदारीचा प्रश्न

प्रस्तावना :
टेलिमेडिसिनविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा साधनांभोवती फिरते. वैद्यकीय निर्णयाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र मागे पडतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या नियामक मंडळाने २५ मार्च २०२० रोजी प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची या दृष्टीने चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पक्षाघाताचे उदाहरण घेतले आहे.

विवेचन :
मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास ती विरघळविणारे अल्टेप्लेज हे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तत्पूर्वी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नसल्याची खात्री करणे अनिवार्य असते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत या औषधामुळे अपंगत्व टळण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. परंतु मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचे प्रमाणही ०.६ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर गेले. म्हणजेच औषध देणे आणि न देणे, दोन्हींत जोखीम आहे.

येथे दूरस्थ तज्ज्ञाचे महत्त्व स्पष्ट होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील २२२ रुग्णांच्या अभ्यासात दृक्‌श्राव्य माध्यमातून घेतलेले ९८ टक्के निर्णय योग्य ठरले. केवळ दूरध्वनीवरून घेतलेले ८२ टक्के. भारतात हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना स्मार्टफोनद्वारे मेंदूविकारतज्ज्ञांशी जोडले. डोंगराळ प्रदेशात रुग्ण तज्ज्ञापर्यंत वेळेत पोहोचत नाही. त्याच्या स्कॅनची प्रतिमा मात्र पोहोचते.

मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांमधील अशा सल्लामसलतीस मान्यता दिली, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि, सल्ला मागणारा डॉक्टरच उपचारकर्ता राहील व उपचारास तोच जबाबदार असेल, असे त्यांत म्हटले आहे. रुग्ण ज्याच्या समोर आहे त्याने उत्तरदायी असावे, हा त्यामागील तर्क सामान्य आजारांत योग्यच आहे. पक्षाघातात मात्र तज्ज्ञ स्वतः स्कॅन पाहतो, रुग्णाचा हात उचलला जातो की नाही हे पडद्यावर तपासतो आणि औषध देण्यास सांगतो. याला केवळ 'सल्ला' म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. निर्णय एकाचा आणि रक्तस्राव झाल्यास उत्तरदायित्व दुसऱ्याचे, अशी विभागणी झाली तर जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर रुग्णास मोठ्या शहराकडे पाठविण्याचा सुरक्षित मार्ग निवडेल. सुरक्षित तो डॉक्टरसाठी. रुग्णाचे साडेचार तास रस्त्यातच संपतील.

निष्कर्ष :
पक्षाघातासारख्या तातडीच्या विकारांत स्कॅनचा अर्थ लावण्याची व औषधाच्या निवडीची जबाबदारी दूरस्थ तज्ज्ञाने, तर रुग्णाची माहिती, मात्रा व देखरेख यांची जबाबदारी स्थानिक डॉक्टरने स्वीकारावी. दोघांच्याही नावे वेळेसह लेखी नोंद व्हावी. जबाबदारीची अशी न्याय्य वाटणी झाल्याशिवाय उत्तम उपकरणे असूनही औषध कपाटातच राहण्याचा संभव आहे.