नळ चांगला, माप खोटे

'पनवेल' हा शब्द किती अक्षरांचा? तिसरीतला मुलगा सांगेल, चार. हाच शब्द सी भाषेतील 'प्रिंटएफ' या सूचनेने छापला आणि किती छापलेस असे तिलाच विचारले, तर उत्तर येते पंधरा. ज्या लायब्ररीतून ही सूचना येते तिच्याबद्दल आम्हाला थोडे बोलायचे आहे.

सी भाषेत वाचण्यासाठी किंवा छापण्यासाठी स्वतःचा एकही शब्द नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही. ते काम तयार आज्ञावल्यांच्या एका संग्रहाकडे, 'स्टँडर्ड आय-ओ' लायब्ररीकडे, सोपवलेले आहे. तिचे मूळ बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांच्या कामात आहे. यंत्र बदलले तरी आज्ञावली बदलावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. १९७९ च्या सातव्या युनिक्सबरोबर ती बाहेर पडली आणि १९८९ मध्ये अमेरिकी मानकात गेली.

तिची मुख्य कल्पना फार सुंदर आहे. कळफलक असो, फाइल असो वा छपाईयंत्र, सगळे एकच: बाइटांचा प्रवाह. शिवाय ती प्रत्येक बाइटासाठी डिस्कपर्यंत धावत नाही. तांब्याभर पाण्यासाठी कोणी दर वेळी विहिरीवर जात नाही, घरात माठ भरून ठेवतो, तसेच हे. (फाइल बंद करण्याआधी वीज गेली तर माठातले पाणी सांडते, हेही मुलांनी एकदा अनुभवलेले बरे.)

तक्रार आहे ती मापाबद्दल. गावांची यादी करून प्रत्येक नावाला वीस घरे राखून ठेवायला सांगा. लायब्ररी घरे मोजते ती बाइटांची, आणि यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो की काना-मात्रा, ३ बाइट घेते. 'उरण'चे ९ बाइट, म्हणून पुढे ११ मोकळ्या जागा. 'पनवेल'पुढे ५. 'खोपोली'चे १८, तिथे फक्त २. पुढचा रकाना जिन्यासारखा आत सरकत जातो. 'पहिले दहाच छाप' म्हटले तर 'पनवेल'चे 'पनव' उरते आणि शेवटी एका मात्रेचा तुटका तुकडा. निकालपत्रकावर हे मुलाच्या नावाचे होते.

दोष लेस्क यांचा नाही. त्या काळी एक अक्षर म्हणजे एक बाइट हेच गृहीत होते. आपल्या १९९१ च्या इस्की मानकातही 'पनवेल' पाच बाइटांत बसत होते. १९९२ मध्ये केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ असा बेतला की जुन्या नळांतून तो बिनबोभाट वाहावा. तो वाहतोही. १९९५ मध्ये रुंद अक्षरांसाठी वेगळ्या सूचना आल्या, पण ते रुंद अक्षर विंडोजवर २ बाइटांचे आणि लिनक्सवर ४ बाइटांचे! सुवाह्यतेसाठी जन्मलेल्या लायब्ररीला हे शोभत नाही. शिवाय त्यांनी मोजले तरी 'पनवेल' पाचच भरते, चार नाही.

आपल्या वर्गांचे आणखी एक दुखणे आहे. टर्बो सीच्या दिवसांत पडदा पुसण्याची 'सीएलआरएससीआर' आणि कळ दाबण्याची वाट पाहणारी 'गेटसीएच' या सूचना सी भाषेचाच भाग म्हणून शिकवल्या गेल्या. त्या मानक लायब्ररीत कधीच नव्हत्या. उलट 'गेट्स' ही सूचना मानकात होती, आणि ती किती धोक्याची हे १९८८ च्या मॉरिस वर्मने दाखवले: किती वाचायचे याची मर्यादाच ती विचारत नसे. ती मानकातून गेली २०११ मध्ये. जुन्या प्रश्नसंचात ती दिसली तर सरळ खोडावी.

मापाचा प्रयोग मात्र वर्गात जरूर करावा. 'कर्जत' घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे, संकेतात पाच चिन्हे, फाइलीत पंधरा बाइट. हलन्ताचे चिन्ह कुठे लपले आहे, ते मुलांनाच शोधू द्या.