फ्रेंच क्रियापदे आणि आपला कान

श्रीअरविंद १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले आणि १८९७ पासून बडोदे कॉलेजात फ्रेंच शिकवू लागले. मराठी ते याच गावी शिकले. एवढी जुनी परंपरा असूनही फ्रेंच आपल्या मुलांच्या मुखी नीट उतरत नाही, याचे कारण शोधावयास हवे.

बडोद्याच्या एका मराठी घरी नुकतीच एका विद्यार्थिनीची वही पाहावयास मिळाली. ‘ते बोलतात’ या अर्थाच्या फ्रेंच रूपापुढे तिने ‘पार्लेंट’ असे लिहिले होते. खरा उच्चार केवळ ‘पार्ल्’. ‘तो बोलतो’ यालाही तोच. एकवचन-अनेकवचनाचा भेद कानाला कळतच नाही. लेखनात उरलेला तो ‘न्ट’ लॅटिनमधून आलेला, आपल्या ‘भवन्ति’तील ‘न्ति’चा भाऊबंद आहे. कागदावर राहिला, जिभेवरून गेला.

नागरी लिपीत अक्षर दिसेल तसे वाचावे, हा संस्कार मुलीला नडला. पण आपण तरी लिहितो तसे बोलतो काय? ‘बसला’ लिहितो, ‘बस्ला’ म्हणतो. तीनांची दोन अक्षरे होतात. ‘मी देईन’ याचे फ्रेंच रूपही लेखनात तीन अक्षरांचे, बोलण्यात ‘दॉन्‌रे’ असे दोनच. गंमत अशी, की अभिजात फ्रेंच पद्यात व्यंजनापूर्वीचा हा लुप्त स्वर पुन्हा मोजला जातो. व्यवहारात ‘गणेश्’ म्हणणारा गृहस्थ स्तोत्र म्हणताना अंत्य ‘अ’ पूर्ण उच्चारतो, त्याला हे निराळे समजावावे लागू नये.

संधी तर आपल्या घरचाच. ‘तत्’ आणि ‘एव’ मिळून ‘तदेव’ होते: अंत्य व्यंजन घोष होऊन पुढच्या स्वरात मिसळते. फ्रेंचमध्ये ‘तो प्रेम करतो’ हे ‘इ-लेम्’ असे तुटते; ‘ते प्रेम करतात’ म्हणताना एरवी मूक असलेला स-कार ‘जोर’मधल्या ज-सारखा होऊन प्रकटतो, ‘इल्-जेम्’. येथे मात्र वचनभेद ऐकू येतो, आणि तो क्रियापदाच्या शेवटी नसून आरंभी असतो! रोमन अक्षरांपेक्षा नागरीत ही तोड अधिक स्पष्ट दिसते. शिकवणाऱ्यांनी शब्द सुटे न लिहिता असे जोडून लिहावेत, एवढेच माझे मागणे आहे.

अनुनासिकाची गोष्ट वेगळी. मराठीतले अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, ते योग्यच. उच्चार आधीच गेला होता. कोंकणीत तो जिवंत आहे, आणि शहरी मराठी माणूस त्याला उगाच गावंढळ समजतो. ‘आम्ही बोलतो’ याचे फ्रेंच रूप ‘नू पार्लों’. यातला अनुस्वार म्हणजे न-कार नव्हे, नाकातून गेलेला शुद्ध स्वर. त्या मुलीने तीनदा ‘पार्लोन’ म्हटले. तिची आजी कारवारकडची, फ्रेंचचा गंध नाही. ‘‘हांव म्हणतेस तसे म्हण गो,’’ असे सांगून तिने ‘पार्लों’ पहिल्याच खेपेस अचूक म्हटले.