फेसबुकचा ओटा

फेसबुकची निंदा करणारे लेख आता इतके झाले आहेत की, त्यांतले बरेचसे फेसबुकवरच वाचायला मिळतात. माणसे आत्ममग्न झाली, वेळ फुकट जातो, वाचन खुंटले, या तक्रारी खोट्या नव्हेत. पण त्या एका साध्या प्रश्नाला बगल देतात. शहाणीसुरती माणसे दिवसातून दहा वेळा तिकडे वळतात ती कशासाठी? निवाडा करण्यापूर्वी आस्वाद घ्यावा, हा टीकेतला संकेत इथेही पाळायला हरकत नसावी.

मला वाटते, हे आकर्षण मोठ्या मजकुराचे नव्हेच. कोणाच्या गच्चीत ब्रह्मकमळ उमलले, कोणाचा मुलगा दहावीला बसला, कोणाला कोकणात उतरताना घाटात धुके लागले. एवढ्यावर मन रमते. ‘आज आमच्याकडे अळूची भाजी होती’ हे कळवायला कोणी कोणाला पत्र धाडीत नाही. परंतु जिव्हाळा टिकतो तो बहुधा अशा न कळविण्याजोग्या गोष्टींवरच. पूर्वी हे काम घराचा ओटा करीत असे. येणाराजाणारा ‘काय, झाला का चहा?’ एवढे विचारून पुढे सरके. उत्तरासाठी तो थांबत नसे, पण कोणी विचारलेच नाही तर दिवस सुना जाई. सांगलीची मावशी आणि न्यू जर्सीतली भाची यांना असा ओटा आता कुठून मिळणार?

आपल्याकडे आधी रुजले ते ऑर्कुट. ते २००४ च्या जानेवारीत निघाले आणि २०१४ च्या सप्टेंबरअखेर मिटले. हार्वर्डच्या वसतिगृहातले फेसबुकही २००४ सालचेच, पण रीत निराळी पडली. ऑर्कुटवर दुसऱ्याच्या पानावर जाऊन चार ओळी टाकायच्या, म्हणजे त्याच्या घरी जाऊन यायचे. फेसबुकने २००६ च्या सप्टेंबरात सगळ्यांची हालचाल प्रत्येकाच्या दारावरून वाहती केली. तेव्हा वापरणाऱ्यांनीच गिल्ला केला होता: ही पाळत झाली! पुढे त्याच पाळतीची गोडी लागली. (पाळत आणि विचारपूस यांत ओट्यावर तरी कुठे फारसे अंतर होते?)

अंतर आहे ते दुसरीकडे. ओट्यासमोरून माणसे आपापल्या पायांनी जात. इथे कोणी आधी जायचे आणि कोणी मुळीच दिसायचे नाही, हे ठरविणारा सूत्रधार पडद्याआड बसलेला आहे. तुमची नजर कुठे रेंगाळली याची तो नोंद ठेवतो आणि तसलीच माणसे पुन्हा पुन्हा समोर आणतो. अबोल शेजारी त्यात हळूहळू नाहीसा होतो. आणि तो नाहीसा झाला हे आपल्याला कळतही नाही. माझा खरा आक्षेप हा आहे. आत्मप्रौढीचे मला फारसे वाटत नाही. ती लग्नाच्या पंगतीतही भेटते.

लेखनाच्या बाजूने पाहिले तर हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. संपादकाच्या ‘साभार परत’ने कितीतरी लिहिणारे हात कायमचे थांबविले. तालुक्याच्या गावी संसार करणारी बाई आज दुपारच्या निवांत वेळी आपल्या सासरच्या विहिरीवर दोनशे शब्द लिहिते आणि ते कोणालाही न विचारता वाचकांपुढे ठेवते. त्यांतले काही लेखन मला आमच्या मासिकांतल्या पुष्कळ सराईत लेखनापेक्षा अस्सल वाटले आहे. फडक्यांनी ज्याला ‘गुजगोष्ट’ म्हटले, तो प्रकार छापील पानांवर थकल्यावर इथे नव्या अंगणात खेळू लागला, असेही म्हणता येईल. पण गुज एकाच्या कानात सांगायचे असते. इथे ऐकणाऱ्यांची मोजदाद तिथल्या तिथे होते. २००९ साली पसंतीचा अंगठा आला आणि लिहिणाऱ्याला आपल्या वाक्याचा भाव कळू लागला. लांब मजकूर पहिल्या काही ओळींनंतर मिटलेला असतो. म्हणून सगळा दारूगोळा त्या ओळींतच उडवायचा. विहिरीवरचे तिचे पहिले टिपण पाण्यासारखे सावकाश वर येत होते. सहाव्यात पहिल्याच ओळीला कोणीतरी विहिरीत पडले. अंगठे अर्थातच वाढले.

या अंगठ्याची आणखी एक पंचाईत होती. कोणी आईच्या मृत्यूची वार्ता लिहिली, तर तिलाही अंगठाच! २०१६ साली रडका चेहरा, हृदय वगैरे चिन्हे आली, तेव्हा ही अडचण थोडी सुसह्य झाली. मला मात्र या जागेचा सर्वांत विलक्षण उपयोग मृतांच्याच बाबतीत दिसतो. एखाद्याचे खाते तो गेल्यावरही तसेच चालू राहिले, तर त्याच्या वाढदिवसाची आठवण मित्रांना जाऊ शकते. ठाऊक नसलेले शतायुष्य चिंतितात, हे ओशाळवाणे आहे. ठाऊक असलेलेही लिहितात. वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणात गेलेला माणूस ‘कैलासवासी’ होऊन तृतीयपुरुषात जातो. इथे त्याला अजून ‘तू’ म्हणतात. यंदा पाऊस लांबला, तुझ्या धाकटीला नोकरी लागली, असे त्याला सांगतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात.